आईच्या तोंडातली गारगोटी

सोलापूर, १८ मार्च

सुकन्या बाळ,

काल दुपारी गारा पडल्या. आधी वारा सुटला, सगळ्या रस्त्याची धूळ आपल्या ओट्यावर येऊन बसली, आणि मग पत्र्यावर असा ताशा कडाडला की शेजारचा कल्लप्पा खाटेखाली शिरला. माझ्या हाताखाली बर्फाच्या कारखान्यात डबे उचलणारा कल्लप्पा, आता माझ्या जागेवर मशीन सांभाळतो, पण धीर अजून कोंबडीचाच. मी मात्र डोक्यावर टोपलं धरून अंगणात उतरलो आणि वेचून वेचून तांब्याभर गारा आणल्या.

लिंबाएवढी एक गार विळीवर धरली, तिचे दोन तुकडे झाले. आत कांद्यासारखे पापुद्रे. एक दुधाळ, एक काचेसारखा, परत दुधाळ. तू सांगितलेले सहा कोन शोधत बसलो, ती वितळून हाताला पाणी लागेपर्यंत. सापडले नाहीत. तुझं म्हणणं मला पाठ आहे. थंडी पडली की पाण्याचे कण एकमेकांचे हात धरतात, सहा-सहांचा फेर धरतात, मधली जागा मोकळी राहते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला आपल्या जत्रेतला फेर धरून नाचायचा गजी नाच आठवला होता. मग गारेतला फेर कुठं गेला? माझी अडाण्याची समजूत अशी, की गार म्हणजे घाईचा बर्फ. फेर असतील हजारो, पण प्रत्येकाचं तोंड भलतीकडं. आमच्या कारखान्यातल्या बर्फाच्या लादीचंही तसंच असायचं. सावकाश गोठवली तर आरपार दिसायची, घाई केली की पांढरीफटक. बरोबर असेल तर कळव. चूक असेल तर जास्त कळव.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तुझ्या आईनं आपल्या गेलेल्या भारतच्या फोटोवर माझा हात ठेवून शपथ घातलीय, सुकीशी बोलायचं नाही. लिहायचं नाही, असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारायला गेलो नाही. चार वर्षं त्याच फटीतून मी तुझ्यापर्यंत येतोय. पत्र टाकून घरी आलो की विचारते, "कुटं गेलतासा?"

"चक्कर मारून आलो."

"चक्कर मारताना बोटाला डिंक लागतो व्हय?"

एवढं बोलून भाकरी थापायला लागते. म्हणजे कळतं तिला.

तू विचारलंस, राग अजून तसाच आहे का. आहे. तुझा भाऊ ट्रकखाली गेला तेव्हा तू कामासाठी वर हिमालयात, हिमनदीवर होतीस. निरोप तुला वेळेवर पोचला नाही, यात तुझा काय दोष, हे मी तिला शंभर तऱ्हेनं सांगून बघितलं. पण तिच्या डोळ्यापुढून ते दोन दिवस हलत नाहीत. तू येशील म्हणून आम्ही भारतला ठेवला होता, माझ्याच कारखान्याच्या लाद्यांवर. ही उशाशी बसून पदरानं त्याचे केस पुसत होती. "लेकरू भिजलं, लेकरू भिजलं." तू बाराव्याला दारात आलीस तेव्हा तुझ्या पाठीवरच्या पिशवीला बर्फातल्या कुऱ्हाडी लटकत होत्या. तिनं त्या बघितल्या आणि दार लावलं. "बर्फ बघायला गेली, भाऊ बघायला आली न्हाय."

तेव्हापासून या घरात बर्फ नाही. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तिनं जुन्या चादरी कोंबून ठेवल्यात. ज्यानं उभा जन्म गावाला बर्फ पुरवला, त्याच्या घरी पाहुण्याला कोमट सरबत.

बाकी आई बरी आहे. पाणी जरा कमी पिते, एवढंच. तू कानाला बांधत जा.

तुझा
आण्णा


सोलापूर, ११ एप्रिल

सुकन्या,

तुझं पाकीट आलं. आतला हिमकणाचा फोटो बघून मी चष्मा पुसला, परत बघितला. सहा हात, हाताला बोटं, बोटांना नखं. एवढुशा कणाला कुणी शिकवलं गं, की डाव्या बाजूला जेवढी नक्षी काढलीस तेवढीच उजवीकडं काढ? गारेचं माझं म्हणणं अर्धं बरोबर आहे असं तू लिहिलंस. सातवी पास माणसाला अर्धं बरोबर म्हणजे डिस्टिंक्शन.

फोटो मी मुद्दाम तव्याशेजारी विसरलो. आईनं उचलला. "कुनाची रांगोळी म्हनायची ही?"

"आभाळाची."

"आभाळाला बरा येळ गावला." पण खाली ठेवला नाही. उलटा केला, मागं तुझं अक्षर होतं. तिला वाचता येत नाही, तरी त्यावरून अंगठा फिरवला, आणि मग हाताला पीठ आहे म्हणून पदरानं पुसून ठेवला.

तू विचारतेस, आई पाणी कमी का पिते. वय झालं, दुसरं काय. आणि आठवड्यातून दोनदा आम्ही दवाखान्यात जातो ते माझ्या गुडघ्यासाठी. अर्धा दिवस जातो, गर्दी असते. तिथली हेमावती सिस्टर मोठी गोड पोरगी आहे, अक्कलकोटची. आईला वजनकाट्यावर उभी करते आणि दम देते, "आजी, दोन किलो वाढलं की. चोरून चहा पिला काय?" आई म्हणते, "तुझ्या सासूनं पाजला."

आता तुला एक गोष्ट सांगतो. सांगू की नको असं झालं होतं, पण पोटात राहत नाही.

यंदा उन्हाळा लवकर पेटलाय, आईला तहान फार होते. हेमावती म्हणाली, "आजी, पाण्याऐवजी बर्फाचा खडा चघळा, घसा ओला राहतो." आईनं तोंड फिरवलं. "बर्फ माझ्या तोंडात जायचा न्हाय." सिस्टरला काय माहीत.

त्यानंतर बघतो तर हिच्या गालात काहीतरी. बोलताना डावीकडचं उजवीकडं जातं.

"काय गं तोंडात?"

"सुपारी."

जन्मात सुपारी न खाल्लेली बाई. मी हात पुढं केला. कुरकुरत तिनं तळहातावर काढून ठेवलं, आणि सुकन्या, मी ओळखलं. तुझा खडा. मंगळवेढ्याकडं तिच्या माहेरी मामानं विहीर खणली होती, सुरुंग उडवल्यावर काळ्या खडकाच्या पोटात एक पोकळी निघाली, आतून सगळी काचेच्या दातांनी भरलेली. तू सहावीत होतीस. कंपास पेटीतला कोनमापक लावून तू दिवसभर खडे मोजत बसलीस आणि संध्याकाळी ओरडत आलीस, "आण्णा, बोटाएवढा असू दे नाहीतर तांदळाएवढा, सगळ्यांचा कोन एकच येतो!" त्यातलाच छोटा, चण्याच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. तुझी पेटी मी माळ्यावर ठेवली होती. म्हणजे ही या वयात शिडीवर चढली.

"हे काय करतीस?"

"आमचा बा मेंढरामागं असाच हिंडायचा. तोंडात गारगोटी धरली की थुंकी सुटती, पानी मागत न्हाय जीव."

"मग अंगणात खडे काय थोडे हायत? हाच का?"

"गुळगुळीत हाय."

"गुळगुळीत? आगं, सहा धारा हायत त्याला. माझ्या बोटाला लागत्यात."

ती म्हणाली, "माझ्या जिभंला न्हाय लागत." आणि खडा परत तोंडात टाकून उठून गेली.

तुझ्या नावाचा अजून उच्चार नाही. पण तुझा खडा तिच्या गालात आहे. तुला दुसरं काही पाठवण्यासारखं माझ्याकडं नाही, म्हणून हे पाठवतो. गिळू नये एवढीच मला धास्ती.

तुझा
आण्णा


सोलापूर, ६ मे

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस, "आण्णा, गुडघ्यासाठी कुणी आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस दवाखान्यात घालवत नाही. आईला काय झालंय ते खरं सांगा. पंधरा-वीस दिवसांनी मी कॅम्पवर जाते, महिनाभर फोन लागणार नाही. तुम्ही म्हणालात तर जात नाही."

आईला काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे. काळजी नसावी. तू निर्धास्त जा आणि काम पूर्ण करून ये.

इकडं ऊन फार आहे. कल्लप्पाच्या कारखान्यावर लस्सीवाल्यांची रांग लागते.

वर जपून राहा.

आण्णा


सोलापूर, ४ जून

सुकन्या, माझ्या लेकी,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या केलाँगच्या पत्त्यावर पडून राहणार हे मला माहीत आहे. तू वर आहेस. तरी लिहितो, कारण आता दुसरीकडं बोलायला जागा नाही.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दिवाळीपासून. दवाखाना तिच्यासाठीच होता, डायलिसिसची सुई तिच्याच हाताला लागत होती, पाणी तिचंच मोजलेलं होतं. हे तू ओळखलं असशीलच. मागचं पत्र मी लिहिलं तेव्हा ती माझ्याशेजारी बसली होती. तुझं पत्र तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. चार वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही म्हणालात तर जात नाही" या ओळीवर थांबवलं आणि म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. मग म्हणाली, "लिवा, आई ठणठणीत हाय."

मी म्हटलं, "आगं, पोरगी यायला तयार हाय. बोलव की."

"आन न्हाय आली तर?" ती म्हणाली. "भारतच्या येळंला मी दाराकडं बघत बसले दोन दिस. आता परत न्हाय बघायची मी. त्यापरास बोलवूच नका."

मी तिचा हट्ट समजत होतो. तो हट्ट नव्हता, भीती होती. बर्फाच्या लादीचं तुला माहीत आहे, बाहेरून आत गोठत येते आणि जे काही आपल्या फेरात बसत नाही, मीठ, हवा, कचरा, ते सगळं आत आत ढकलत नेते. शेवटी पोटात एक पांढरी रेघ उरते. वरून लादी काचेसारखी, रेघ मधोमध. मी जन्मभर लाद्या बघितल्या, आणि घरातली रेघ मला दिसली नाही.

आता पुढचं. हाताची नस बंद पडली. डॉक्टर म्हणाले, मानेतून नळी घालू. आईनं हेमावतीचा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, लई केलंस. आता सुई नको." सिस्टर रडत बाहेर गेली. मी घरी आणलं.

काल सकाळी तिला मी खिडकीशी टेकवून बसवलं होतं. मला म्हणाली, "फोन लावा."

"कुणाला? बापूसाहेबाला?"

"भावाला कशाला? सुकीला."

मी विचारलं, "शपथ?"

"मी घातली, मी काढली. लावा."

दोनदा माझा नंबर चुकला. लागला तेव्हा आवाज मोठा करून तिच्या कानाशी धरला. आणि ती बाई बोलली. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

आई एकदम सावरून बसली. "कोन वो ही बाई?"

"कुनी न्हाय. यंत्र हाय."

"यंत्र? मग सुकी कुटं हाय?"

"वर. डोंगरात. तितं फोन जात न्हाय. म्हणून ही बाई बोलती."

तिच्या तोंडातला खडा हलत होता. मग तिनं विचारलं, "भारतच्या येळंला तुमी फोन लावत हुता, तवा बी हीच बोलली?"

"व्हय. दोन दिवस हीच बोलत होती."

"मला न्हाय सांगितलंत."

"सांगितलं की गं. फोन लागत न्हाय म्हणून किती बार सांगितलं."

"लागत न्हाय म्हनलासा तुमी," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरगी उचलत न्हाय. घंटा वाजतीया आन ती बघून ठिवतीया. कामात हाय म्हनून."

सुकन्या, तिनं आयुष्यात फोन कधी स्वतः लावलेला नव्हता. आपण लावून द्यायचो, पलीकडं माणूस असायचं. पलीकडं कुणीच नसतं, नुसतं यंत्र असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि मला हे तिला सांगावं लागेल असं चार वर्षांत एकदाही सुचलं नाही. आम्ही दोघं एकाच खाटेवर बसून दोन वेगळ्या गोष्टींवर रडत होतो.

"परत लावा," म्हणाली.

लावला. परत तीच बाई. आईनं या वेळी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्या यंत्राला म्हणाली, "बाई, आमची सुकी खाली उतरली की तिला सांग. आईचा काय राग न्हाय. आईला ठावं नव्हतं म्हनावं." मी फोन काढून घ्यायला गेलो तर माझा हात ढकलला. "थांबा, ऐकतीया ती."

मग माझ्याकडं वळली. "तिला मी दारातनं घालवली वो."

मी तुझ्या केलाँगच्या ऑफिसात फोन केला. माझं हिंदी तुला माहीत आहे. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. कॅम्पवर सामान घेऊन जाणाऱ्या माणसाबरोबर चिठ्ठी देतो म्हणाला. पण वर नाल्याला पाणी आलंय, लाकडी पूल वाहून गेलाय. उतरलं की जातील.

आई दाराकडं तोंड करून झोपलीय. दार मी उघडं ठेवलंय. गरम वारा येतो, तरी.

आण्णा


सोलापूर, १२ जून

सुकन्या,

आई सोमवारी गेली.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तू रविवारपर्यंत पोचशील अशी तिची खात्री होती. खात्री कशावरून, तर तिच्याच म्हणण्यावरून. "पानी उतरंल. पोरगी चालायला चपळ हाय." सिद्धेश्वराला हात जोडायची तेही त्या नाल्यासाठीच. इथं प्यायला घोट नाही आणि तिकडचं पाणी उतरू दे म्हणून नवस.

शनिवारी मला म्हणाली, "जा, आना तुमचा बर्फ."

मला वाटलं भ्रम झाला. पण डोळे स्वच्छ होते. मी कल्लप्पाकडं गेलो. त्यानं काय केलं माहीत आहे? आईला बरं नाही हे कळल्यापासून तो एका डब्यात रोज सावकाश बर्फ जमवत होता, उकळलेल्या पाण्याचा, कुणी मागितला नसताना. म्हणाला, "आण्णा, वैनी कधी तरी मागतीलच की." आरपार दिसत होता. पोटात रेघ नाही. मी त्याचा एवढासा तुकडा करून तिच्या ओठांना लावला. तिनं डोळे मिटले.

"ग्वाड लागतं वो," म्हणाली. "तुमी जलमभर हे करत हुता, मी चव घेतलीच न्हाय."

मग म्हणाली, "मी गेले तर ठिवा मला. भारतला ठिवला तसा. येऊ द्या तिला. ह्या खेपेला मी वाट बघते, माझी काय घाई न्हाय."

"आगं, असं बोलू नको."

"बोलते. तुमी हां म्हना."

मी हो म्हटलं.

सोमवारी पहाटे गेली. कल्लप्पानं लाद्या आणल्या, वर भुसा, वर तिचं लाल काठाचं लुगडं. बापूसाहेब मामा मंगळवेढ्याहून आले ते ओरडतच. "दाजी, सोलापूरच्या जूनमध्ये माणूस ठेवतात का? एकदा ठेवून काय झालं बघितलंत ना?" मी म्हटलं, "तिनं सांगितलंय." ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला काय कळतंय?" आणि मग स्वतःच तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले, "आक्का, आक्का" करत.

तोंडात तुळशीपान आणि सोन्याचा मणी ठेवतात. मी तुझा खडा धुतला आणि मण्याशेजारी ठेवला. बापूसाहेबांनी बघितलं. तुळशीपान तेवढं सारखं केलं.

मी दर तासाला तुझ्या ऑफिसात फोन लावत होतो. तो माणूस बिचारा कंटाळला नाही. "बाबूजी, पुल नहीं बना." मंगळवारी दुपारी लाद्या अर्ध्या झाल्या, ओट्यावरून पाणी ओघळून रस्त्यापर्यंत गेलं होतं, पोरंटोरं त्यात पाय बुडवत होती. मी आईच्या कपाळावर हात ठेवला. तिचं सगळं थंड होतं, पण चेहरा खाली उतरायला लागला होता. तू यावंस आणि तिला असं बघावंस, हे तिला चाललं नसतं. ती टापटिपीची बाई. मीच म्हटलं, उचला. तिला दिलेला शब्द मी पुरता पाळला नाही. तिनं वाट बघितली, मीच थकलो.

अग्नी मी दिला. भारत नाही, तू नाहीस.

आण्णा


केलाँग, २० जून

सुकन्या,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून पाकिटावर पत्ता घातलेला नाही.

मी तुझ्या ऑफिसच्या ओट्यावर बसलोय. सोलापूरहून दिल्ली, दिल्लीहून मनाली, तिथून त्या लांबलचक बोगद्यातून इकडं. बापूसाहेब सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. त्यांची घोंगडी तेवढी घेतली. तेराव्याच्या आधी घर सोडू नये असं सगळे म्हणत होते. पण मला एकच दिसत होतं. तू वरून उतरशील, थकून, नाक सोललेलं, आणि टेबलावर माझी दोन पाकिटं पडलेली असतील. वरचं आधी फोडशील की खालचं, कुणास ठाऊक. "आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात" हे आधी वाचशील की "आई सोमवारी गेली" हे. एकटीनं, परक्या माणसांत. ते मला सहन होईना. भारतचं तुला कागदावर कळलं होतं. आईचं तरी माणसाच्या तोंडून कळावं.

इथल्या माणसानं काल मला पाकिटं दाखवली. शेवटची दोन्ही अजून बंद आहेत. पूल परवा झाला, तुला नुसतं एवढंच कळवलंय की खाली ये, घरून कुणी तरी आलंय. कोण ते सांगू नका असं मीच म्हटलं. मी आलोय म्हटलं की तू रस्त्यातच सगळं समजून घेशील, आणि ती वाट अवघड आहे म्हणतात.

समोर डोंगरावर बर्फ आहे. गारा सोडल्या तर माणसानं न बनवलेला बर्फ उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. भारतला आवडला असता. आईनं नाक मुरडलं असतं, म्हणाली असती, एवढा आणि फुकट?

तुम्ही लोक दुपारपर्यंत पोचाल म्हणतात. मला दोन वाक्यं सांगायची आहेत. एक, आई गेली. दुसरं, आईनं तुझ्यावरचा सगळा राग काढून टाकला होता, तुझं नाव घेत होती, तुला बोलावत होती. सोलापूर सोडल्यापासून मी त्यांची अदलाबदल करतोय. पहिलं आधी सांगितलं तर दुसरं तुला ऐकूच येणार नाही. दुसरं आधी सांगितलं तर तुझा चेहरा उजळेल, तू विचारशील, मग चला, कधी निघायचं? आणि त्या उजळलेल्या तोंडावर मला पहिलं सांगावं लागेल. चार वर्षं मी तुझ्याशी बोललेलो नाही गं. माझा आवाज कसा निघेल हेही मला माहीत नाही.

वळणावर माणसं दिसायला लागलीत. पाठीवर ओझी आहेत. सगळ्यांनी सारखे कोट घातलेत, त्यात तू कोणती ते इथून कळत नाही. एक जण थांबून इकडं बघतंय.

तू जवळ आलीस की मी आधी एवढंच विचारणार, जेवलीस का. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण. तेवढ्या वेळात तुला डोळे भरून बघून घेईन, अजून काही कळलेलं नसलेली माझी पोर. मग सांगतो.